विश्लेषण : कोयना भूकंपाने मुंबईला काय शिकवले? चिंचपोकळी-लालबागच्या चाळी पुढच्या धक्क्याला किती तयार?

सोमवार, ११ डिसेंबर १९६७. पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटे झाली होती. गिरण्यांचा सकाळचा भोंगा व्हायला अजून अवकाश होता. सातारा जिल्ह्यातील कोयनानगर परिसर भूकंपाने हादरला आणि सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटरवर असलेली मुंबईही जागी झाली. माणसे घाबरून घराबाहेर आली. २०२७ मध्ये या घटनेला ६० वर्षे पूर्ण होतील. कोयना म्हटले की आज वीज आणि धरणाचा पाणीसाठा आठवतो, भूकंप फारसा नाही. पण चिंचपोकळी, लालबाग, काळाचौकी, परळ या भागांतील शेकडो जुन्या इमारती त्या पहाटेही उभ्या होत्या. त्यांतल्या अनेक आजही उभ्या आहेत, तेव्हापेक्षा साठ वर्षांनी अधिक थकलेल्या. त्यामुळे कोयनेचा धडा या वस्तीसाठी अजून संपलेला नाही.

११ डिसेंबर १९६७ रोजी काय घडले?

भूकंपाची तीव्रता वेगवेगळ्या मोजपट्ट्यांनुसार ६.३ ते ६.६ इतकी नोंदली गेली. सुमारे १८० जणांचा मृत्यू झाला, दोन हजारांहून अधिक लोक जखमी झाले आणि हजारो कुटुंबे उघड्यावर आली. कोयनानगर वसाहतीतील बहुतांश घरे पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. पाटण तालुक्यातील दगड-मातीच्या घरांची तीच गत झाली. १०३ मीटर उंचीचे कोयना धरण मात्र टिकले. त्याच्या उंच भागांत, जिथे भिंतीचा उतार बदलतो त्या पातळीवर, दोन्ही बाजूंना तडे गेले. पुढे हे भाग मागच्या बाजूने काँक्रीटचा आधार देऊन मजबूत करण्यात आले.

धरणाचा आराखडा करताना गुरुत्वाकर्षणाच्या पाच टक्के इतका आडवा धक्का गृहीत धरला होता. धरणातील यंत्रावर प्रत्यक्षात नोंदलेला धक्का ६३ टक्क्यांपर्यंत गेला. ही नोंद पुढे जगभर अभ्यासली गेली. काँक्रीटच्या धरणाला भूकंपात तडे कसे जातात, हे संगणकावर तपासताना अभियंते आजही कोयनेचे उदाहरण घेतात.

मुंबईवर तेव्हा काय परिणाम झाला?

मुंबईत मोठी पडझड झाली नाही. फटका बसला तो विजेला. कोयनेची वीज तेव्हा नुकतीच मुंबईच्या उद्योगांचा मोठा आधार बनू लागली होती. भूकंपानंतर वीजनिर्मिती बंद पडली आणि शहरातील वीजपुरवठा, पर्यायाने कारखाने अडखळले. शहराचे भूकंपाने होणारे नुकसान शहराच्या हद्दीतच होते असे नाही, हे मुंबईला प्रथम तेव्हा कळले. शहर ज्या धरणावर, वीजवाहिनीवर किंवा जलवाहिनीवर जगते ती दूर कुठे तरी तुटली, तरी शहर थांबते. कोयना प्रकल्पाच्या चार टप्प्यांची स्थापित क्षमता आज १,९६० मेगावॉट आहे. राज्यात संध्याकाळची विजेची मागणी वाढते तेव्हा हा प्रकल्प महत्त्वाचा ठरतो.

गिरणगावाचा कोयनेशी संबंध कसा?

तो केवळ विजेचा नाही, माणसांचा आहे. १९६७ मध्ये मुंबईच्या कापड गिरण्यांत दोन लाखांहून अधिक कामगार होते. त्यांतील मोठा वाटा कोकण आणि साताऱ्याच्या डोंगरी तालुक्यांचा. पाटण आणि जावळीतून माणसे मुंबईत येत, गिरणीत किंवा गोदीत कामाला लागत, बाजारात पाठीवर ओझी वाहत. माथाडी कामगारांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील मूळचे पाटण तालुक्यातलेच. लालबाग-परळच्या चाळींत गावकीच्या खोल्या असत. एका खोलीत एकाच गावची वीस-पंचवीस माणसे पाळीप्रमाणे झोपत, जेवण खानावळीत होई आणि मनिऑर्डर गावी जाई. कुटुंब तिकडे, कमाई इकडे, असे हे दोन घरांचे जगणे होते. त्यामुळे पाटण खोऱ्यात भिंत पडली की तिचा खर्च गिरणगावातल्या पगारावर येई.

या भागाने आधी धरणासाठी गावे सोडली होती. शिवसागर जलाशयात जमिनी गेलेल्यांचे पुनर्वसन राज्यातील निरनिराळ्या जिल्ह्यांत विखुरले आणि त्याच्या तक्रारी अजून मिटलेल्या नाहीत. त्यावर भूकंप आला. आज शासकीय नोकरभरतीत प्रकल्पग्रस्तांप्रमाणे भूकंपग्रस्तांसाठीही समांतर आरक्षण आहे आणि पाटण तालुक्यात भूकंपग्रस्ताचा दाखला हा घरोघरी चर्चेचा विषय असतो. आजोबांचे पडलेले घर नातवाच्या नोकरीच्या अर्जात येते, इतका तो भूकंप लांब पोहोचला आहे.

भूकंप धरणामुळे झाला का?

धरणात पाणी साठू लागले १९६१-६२ च्या सुमारास. त्यानंतर परिसरात लहान धक्के जाणवू लागले आणि भूकंपमापक यंत्रे बसवावी लागली. १३ सप्टेंबर १९६७ रोजी पाचहून अधिक तीव्रतेचा धक्का बसला आणि तीन महिन्यांनी मुख्य भूकंप झाला. जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांचे जगातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणून कोयनेकडे पाहिले जाते.

याचा अर्थ पाण्याच्या वजनाने जमीन फाटली, असा नाही. जमिनीखालच्या प्रस्तरभंगात ताण आधीपासून साचलेला असतो. जलाशयाचे पाणी भेगांतून खोलवर झिरपते, खडकांच्या छिद्रांतील दाब वाढतो आणि एकमेकांना घट्ट धरून बसलेल्या दोन बाजूंची पकड सैल होते. ताण निसर्गाचा असतो, पाणी त्याला निमित्त देते. म्हणूनच पावसाळ्यात जलाशय भरल्यानंतर आणि पुढे पातळी उतरताना इथे धक्के वाढलेले दिसतात. १९८० च्या दशकात दक्षिणेला वारणेचे धरण भरू लागल्यावर धक्क्यांचे क्षेत्र त्या बाजूलाही सरकले. सहा दशकांत पाच किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे वीसहून जास्त भूकंप या छोट्याशा पट्ट्यात झाले आहेत. त्यामुळे पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराड येथे संशोधन केंद्र उभारले असून गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेऊन खडकांचा अभ्यास केला आहे.

कोयनेनंतर देशाचे नियम कसे बदलले?

१९६७ पर्यंत दख्खनचे पठार म्हणजे स्थिर, निर्धोक भूभाग अशी सर्वसाधारण समजूत होती. भूकंपाचा धोका हिमालयाला, सह्याद्रीला नाही, असे मानले जाई. भारतीय मानक १८९३ या संहितेच्या तेव्हाच्या नकाशात ‘शून्य’ क्षेत्र होते. कोयनेनंतर १९७० च्या सुधारणेत हे शून्य क्षेत्रच काढून टाकण्यात आले आणि कोयना परिसर झोन ४ मध्ये गेला. किल्लारीनंतर पुन्हा नकाशा बदलला. सर्वांत कमी धोक्याचा झोन १ रद्द झाला आणि २००२ च्या आवृत्तीत लातूरचा भाग झोन ३ मध्ये आला. दोन्ही वेळा आधी माणसे गेली, मग नकाशा सुधारला.

मुंबई झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या क्षेत्रात मोडते. ‘मध्यम’ या शब्दाने निश्चिंत होण्याचे कारण नाही. हा शब्द जमिनीच्या संभाव्य हालचालीविषयी आहे, इमारतीच्या ताकदीविषयी नाही. तोच धक्का नव्या, नियमाने बांधलेल्या इमारतीला किरकोळ भेगा देईल आणि टेकूवर उभ्या असलेल्या इमारतीला खाली आणेल. भूकंपाचा धोका मोजताना जमीन, इमारत आणि तिच्यात राहणारी माणसे या तिन्हींचा गुणाकार करावा लागतो. गिरणगावात यातील दुसरा आणि तिसरा आकडा मोठा आहे.

दूरचा भूकंप मुंबईला धोकादायक ठरू शकतो का?

याचे उत्तर अहमदाबादने दिले आहे. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवर असलेल्या अहमदाबादेत अनेक बहुमजली इमारती कोसळल्या आणि सातशेहून अधिक माणसे दगावली. १९८५ मध्ये मेक्सिको सिटीतही हेच झाले. भूकंपाचे केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून दूर होते, पण शहर जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेले. मऊ गाळाने लाटा वाढवल्या आणि ठरावीक उंचीच्या इमारती झोक्यासारख्या हलून पडल्या.

मुंबईची तुलना या दोन्हींशी जशीच्या तशी करता येत नाही. इथे कच्छसारखा प्रस्तरभंग आसपास नाही आणि शहराच्या बऱ्याच भागाखाली काळा खडक आहे. मात्र सात बेटांमधल्या खाड्या आणि सखल खाजणे भरून हे शहर जोडले गेले. १७८४ च्या सुमारास वरळीच्या बांधाने भरतीचे पाणी अडवल्यानंतर भायखळा-महालक्ष्मी पट्ट्यातील दलदल वापरात आली. अशा भरावावर आणि मऊ मातीवर धक्का खडकापेक्षा जास्त जाणवतो. शिवाय लांबून येणाऱ्या संथ लाटा बैठ्या घरांपेक्षा उंच इमारतींना अधिक हलवतात. शहराच्या जवळही हालचाल आहेच. पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपांची मालिका सुरू झाली आणि त्यात चारच्या आसपास तीव्रतेचे धक्केही बसले.

किल्लारीच्या पहाटे मुंबईत काय झाले?

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका नुकत्याच संपल्या होत्या. चिंचपोकळी-लालबागला त्या रात्री झोप नसतेच. १९९२-९३ च्या दंगली आणि मार्चमधील बॉम्बस्फोटांनंतरचा तो पहिला गणेशोत्सव. विसर्जन शांततेत पार पडल्याची खात्री करून घेण्यासाठी तत्कालीन मुख्यमंत्री शरद पवार पहाटेपर्यंत जागे होते. ४ वाजायला काही मिनिटे असताना खिडक्या हलल्या आणि आपण प्रथम कोयनेकडे चौकशी केली, असे पवार यांनी नंतर अनेकदा सांगितले आहे. भूकंप म्हणजे कोयना, हे समीकरण इतके पक्के होते. प्रत्यक्षात भूकंप सुमारे ४०० किलोमीटरवर किल्लारीत झाला होता. ६.२ तीव्रतेच्या त्या धक्क्याने साडेनऊ हजारांहून अधिक बळी घेतले. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यावर मातीचे जड धाबे, ही घरांची रचना त्याला कारणीभूत ठरली. अनेक घरांत लाकडी खांब-तुळया शाबूत राहिल्या, पण भिंतींशी त्यांची बांधणी नसल्याने दगड आतल्या माणसांवर पडले.

चाळींचे दुखणे नेमके काय आहे?

किल्लारीचा हा तपशील चिंचपोकळीच्या चाळींना लागू पडतो. जुनी चाळ म्हणजे सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, मध्ये चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंती, लाकडी वाशांवर लादी आणि बाहेर काढलेली लाकडी गॅलरी. हा सांगाडा मुळात वाईट नाही. लाकूड लवचिक असते आणि नीट जोडलेला लाकडी सांगाडा धक्का बऱ्यापैकी सहन करतो. बिघडले आहे ते त्याचे सांधे. न्हाणीघर आणि मोरीच्या गळतीने तुळयांची टोके कुजतात, लोखंडी पट्ट्या गंजतात. तळमजल्यावर दुकानासाठी आडव्या भिंती काढल्या जातात. खोल्यांत पोटमाळे चढतात, गच्चीवर पाण्याच्या टाक्या बसतात. दुरुस्ती म्हणून काही ठिकाणी लाकडाच्या जागी लोखंडी तुळया येतात, पण नव्या-जुन्याचा जोड कच्चा राहतो.

यात एक मूलभूत फरक लक्षात घ्यायला हवा. इमारतीचे वजन खाली दाबते आणि टेकू ते पेलतो. भूकंप इमारतीला आडवा ढकलतो. उभ्या टेकूचा तिथे फारसा उपयोग नसतो, उलट तो निसटू शकतो. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी उपकरप्राप्त इमारतींची पाहणी होते आणि अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर होते. ही पाहणी पावसाळा निभेल का, हे पाहण्यासाठी असते. आडव्या धक्क्यात इमारत एकसंध राहील का, हा प्रश्न त्यात जवळपास विचारलाच जात नाही.

मुळात उपकराची व्यवस्थाच पडझडीतून जन्मली. जुन्या इमारती कोसळून माणसे मरू लागल्यावर १९६९ चा कायदा आला आणि शहर भागात दुरुस्ती-पुनर्रचनेसाठी उपकर सुरू झाला. तेव्हा १९,६४२ इमारती त्यात होत्या. त्यांपैकी बहुतांश १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, म्हणजे ‘अ’ वर्गातील. पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला तरी यांतील हजारो इमारतींचा पुनर्विकास व्हायचा आहे. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून ३३ जण ठार झाले. त्या दिवशी कोणताही भूकंप नव्हता.

मग टॉवर सुरक्षित म्हणायचे का?

कागदावर हो. नव्या इमारतींना भूकंपरोधक आराखडा बंधनकारक आहे. काँक्रीटमधील सळ्या कशा गुंफायच्या, याचे मानक १९९३ पासून आहे. १२० मीटरहून उंच इमारतींचे प्रस्ताव उच्चस्तरीय तांत्रिक समितीपुढे जातात. गिरण्यांच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांच्या आराखड्यात भूकंपाचा विचार असतो.

अडचण मधल्या पिढीची आहे. १९७० ते २००० या काळात बांधलेल्या पाच-सात मजली काँक्रीटच्या इमारती ना चाळींसारख्या लवचिक, ना टॉवरसारख्या तपासलेल्या. खाली वाहनतळासाठी नुसते खांब आणि वर भिंतींनी भरलेले मजले, ही त्यांतल्या अनेकांची ठेवण. धक्का बसला की वरचा भाग एका खोक्यासारखा हलतो आणि सगळा ताण खालच्या मोकळ्या खांबांवर येतो. अहमदाबादेत कोसळलेल्या इमारतींत अशा इमारतींची संख्या लक्षणीय होती. मुंबईच्या खाऱ्या हवेत सळ्या गंजण्याचा वेगही जास्त. चाळ जुनी दिसते म्हणून तिची काळजी तरी वाटते. या इमारतींना बाहेरून रंग दिलेला असतो, त्यामुळे कुणी विचारत नाही.

पुनर्विकास अडतो कुठे?

पागडीच्या चाळीत मालक, भाडेकरू आणि विकासक या तिघांचे हिशेब वेगळे. मालकाला मिळणारे भाडे नाममात्र, त्यामुळे दुरुस्तीत त्याला रस नाही. भाडेकरूला संक्रमण शिबिराची धास्ती. शिबिरात गेलेली कुटुंबे दशकानुदशके परतली नाहीत, हे त्याने शेजारच्या इमारतीत पाहिलेले असते. विकासकाला भूखंड लहान आणि भाडेकरू जास्त असले की गणित जुळत नाही. मालकाने मुदतीत प्रस्ताव दिला नाही तर भाडेकरूंच्या संस्थेला आणि नंतर म्हाडाला पुढाकार घेता येईल, अशी ‘७९-अ’ ही तरतूद म्हाडा कायद्यात करण्यात आली. तिच्याखालील नोटिसांचा वाद न्यायालयात गेला. दुसरीकडे सरकारी मालकीच्या जागेवर काम पुढे सरकू शकते, हे वरळीच्या बीडीडी चाळींनी दाखवले. तिथल्या ५५६ घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये रहिवाशांना मिळाल्या. ना. म. जोशी मार्गावरील ३२ बीडीडी चाळी त्याच मार्गावर आहेत. खासगी मालकीच्या चाळींना मात्र असा एकच मालक, एकच निर्णय मिळत नाही.

पुनर्विकास होईपर्यंत काय?

सगळ्या इमारती पाडून नव्याने बांधायला कितीही वेग धरला तरी अनेक वर्षे लागतील. भूकंप तोवर थांबेल याची हमी कुणी देऊ शकत नाही. त्यामुळे ‘एक तर टॉवर, नाही तर टेकू’ या दोन टोकांमध्ये तिसरा पर्याय हवा. तो म्हणजे असलेल्या इमारतीचे मजबुतीकरण. तुळई आणि भिंत लोखंडी पट्ट्यांनी बांधणे, कुजलेली टोके बदलणे, गच्चीवरचे वजन उतरवणे, तळमजल्याच्या मोकळ्या खांबांमध्ये काही ठिकाणी भिंती किंवा तिरके आधार देणे, ही कामे पुनर्बांधणीच्या मानाने स्वस्त असतात. किल्लारीनंतर मराठवाड्यात हजारो घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाचा कार्यक्रम राबवला गेला. तो अनुभव राज्याच्या गाठीशी आहे.

३० वर्षांहून जुन्या इमारतींना महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब नुसार संरचनात्मक तपासणी सक्तीची आहे. त्या तपासणीत रहिवाशांनी अभियंत्याला तीन प्रश्न जरूर विचारावेत. आडव्या धक्क्यासाठी इमारत तपासली का? तळमजल्यावरील कोणती भिंत काढू नये? जिना आणि गॅलरी सर्वांत आधी पडणार नाहीत ना? कारण चाळीत बाहेर पडण्याचा मार्ग एकच असतो, तो लाकडी जिन्याचा. धक्का सुरू असताना शंभर माणसे त्यावर धावली तर जिनाच जीवघेणा ठरेल. हलणे थांबेपर्यंत भक्कम टेबलाखाली किंवा खिडक्या-कपाटांपासून दूर राहणे आणि मग शिस्तीने उतरणे, ही सवय सरावानेच लागते. गणेशोत्सवात लाखोंची गर्दी सांभाळणाऱ्या मंडळांकडे कार्यकर्ते आहेत, गल्लीबोळांची माहिती आहे. कोणत्या खोलीत म्हातारी माणसे एकटी राहतात, हेही त्यांना ठाऊक असते. वर्षातून एकदा, ११ डिसेंबरला, प्रत्येक चाळीत असा सराव घेणे त्यांना अवघड नाही.

कोयनेने मुंबईला १९६७ मध्ये घराबाहेर काढले आणि पडझडीविना परत घरी पाठवले. ती सूट त्या काळच्या इमारतींना मिळाली होती. त्याच इमारती आज सहा दशकांचे पावसाळे, गळती आणि वाढीव वजन सोसून उभ्या आहेत. आता तोच धक्का बसला तर तेव्हासारखेच निभावेल, असे गृहीत धरता येणार नाही. त्यासाठी प्रत्येक इमारत आडव्या धक्क्यासाठी तपासावी लागेल आणि ती तपासणी भूकंपाआधी व्हावी लागेल.